मूलपेशींचा बाजार

परळच्या टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण केले. मज्जेतील मूलपेशी रक्त निर्माण करतात, म्हणूनच तो उपचार रक्ताच्या विकारांवर लागू पडतो. या सिद्ध झालेल्या उपचाराच्या पुण्याईवर आज भलताच व्यापार चालू आहे. स्वमग्न मुलापासून पक्षाघाताच्या रुग्णापर्यंत कोणालाही ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन सुचविणाऱ्या जाहिराती राजरोस झळकतात आणि दागिने मोडून आलेले आईबाप त्यांना बळी पडतात.

मूलपेशी म्हणजे हवे ते इंद्रिय घडविणारी हुकमी माती, असा समज या आईबापांना करून दिलेला असतो. ही माती किती हट्टी आहे, हे प्रयोगशाळेतील उंदराच्या पेशींवरून कळते. केंब्रिजमध्ये इव्हान्स व कॉफमन यांनी आणि सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी 1981 साली उंदराच्या कोवळ्या भ्रूणातून या पेशी वेगळ्या काढल्या. काचेच्या बशीत त्यांना ‘लिफ’ नावाचे प्रथिन मिळत राहिले, की त्या वाढतात. पण आपले मूळ रूप सोडत नाहीत. ते काढून घेतले, की त्यांचे गोळे बनतात आणि विभेदनास प्रारंभ होतो. आठ-दहा दिवसांत एखाद्या गोळ्याचा कोपरा हृदयासारखा धडधडू लागतो. दृश्य विलोभनीय खरे. परंतु त्याच गोळ्यात आतड्याच्या, रक्ताच्या नि चेतासंस्थेच्या पेशींचीही दाटी झालेली असते. एकाच जातीच्या पेशी हव्या असतील, तर कोणते द्रव्य, कोणत्या दिवशी, किती मात्रेत द्यावे, याचा वर्षानुवर्षे शोध घ्यावा लागतो. न बदललेल्या पेशी मागे राहिल्या आणि त्या उंदराला टोचल्या, तर तेथे गाठ धरते आणि तिच्यात कूर्चा, त्वचा, ग्रंथी यांची सरमिसळ सापडते.

परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेत मानवी भ्रूणांपासून ‘किंड-1’ व ‘किंड-2’ हे पेशीवंश तयार झाले. त्यांपासून हृदयपेशींची पूर्वरूपे घडविण्याचे काम झाले ते प्रयोगशाळेत. कोणा रुग्णाच्या शरीरात नव्हे.

आपल्या पेशी भ्रूणातून नव्हे, तर रुग्णाच्याच मज्जेतून काढलेल्या असतात, असा बचाव हे व्यापारी करतात. तसे असेल तर गाठीचे भय कमी, हे मान्य करावे लागेल. मात्र मग रक्त घडविणारी मज्जा मेंदूची दुरुस्ती करते, या दाव्याला आधार तरी कशाचा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तपेशी घडविणाऱ्या मूलपेशींच्या मान्य रोपणाखेरीज अन्य वापर चाचणीपुरताच मर्यादित केला आहे. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात, हेही सर्वज्ञात आहे. असे असता लाखांच्या पावत्या फाडल्या जातात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने यातली एखादी पावती मागवून घ्यावी आणि ती कोणत्या नोंदणीकृत चाचणीची आहे, एवढे तरी संबंधित डॉक्टरांना विचारावे.