कऱ्हेची 'कर्हा' कोणी केली?

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक स्मरणिका काढली. मीही दोन पानं लिहून दिली होती, सासवडच्या लहानपणाबद्दल आणि माझ्या थोरल्या भावाबद्दल. मला पोहायला त्यानेच शिकवलं, कऱ्हेच्या डोहात. तो आता नाही. अंक हातात आला आणि पहिल्याच ओळीत नदीचं नाव 'कर्हा'! पुढेही तेच. 'वार्यावर', 'किनार्यावर', 'दुसर्या दिवशी'. अंक जुळवणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "सर, ते अक्षर कॉम्प्युटरमध्ये नाहीये."

नाही? ३८ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो, संगणक उतारवयात नातवाकडून शिकलो, तरी मला ते रोज सापडतं.

युनिकोडमध्ये क्रमांक असतो तो अक्षराला, त्याच्या चित्राला नाही. आपल्या साध्या र चा क्रमांक ०९३०. त्याला खेटूनच ०९३१ वर नुक्ता लावलेला ऱ बसला आहे. द्राविडी भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून तो ठेवला आहे, पण त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह लिहिला की आपला ऱ्य, ऱ्ह तयार. साध्या र चा पाय मोडला तर मात्र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. झाला ऱ्ह! तीन कळा. आळसाला तंत्रज्ञानाचं नाव देऊ नये.

"अर्थ कळतो ना, मग झालं," असं आमच्याच घरातले लोक म्हणतात. नाही कळत. लग्नघरी 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी येतील, 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर विद्वान गृहस्थ येऊन पंगतीत बसतील. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या सह्याद्रीत. रफाराने आधीच्या अक्षरावर आघात येतो, ऱ्य ने येत नाही, हे पाचवीतल्या पोराच्या कानाला कळतं. अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'कऱ्हेचे पाणी' आहे. तिथे रफार देऊन मोठ्याने वाचून बघा, जीभच अडखळेल.

दुसरी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की युनिकोड हिंदीवाल्यांच्या सोयीचं, मराठीवर अन्याय झाला. मला हे अर्धंच पटतं. 'ॲप'मधला ॲ खरोखरच उशिरा आला, २००८ साली. राज्य सरकारनेही २००९ मध्ये तो वर्णमालेत घेतला. तिथे रागावण्याचा हक्क होता. पण ऱ १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथेच आहे. आपण तो वापरला नाही, याला दिल्ली काय करणार?

खरी गोची वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा एक जोडक घालून हेच चित्र काढतात. डोळ्यांना दोन्ही कऱ्हा सारख्याच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकीचा शोध घेतला की दुसरी बऱ्याचदा सापडत नाही. कोश करणाऱ्यांनी, जुनी पुस्तकं संगणकावर चढवणाऱ्यांनी आणि कळफलक बनवणाऱ्यांनी ०९३१ चीच रीत धरावी, असं माझं ठाम मत आहे. दुसरी रीत जुन्या मजकुरासाठी सांभाळली आहे, नवा मजकूर तिने लिहायचं कारण नाही.

असो. त्या मुलाला तीन कळांचा क्रम लिहून पाठवला आहे, उत्तर अजून नाही. माझ्याकडच्या अंकात अकरा ठिकाणी 'कर्हा' होती. सगळ्या निळ्या पेनाने दुरुस्त केल्या. ती प्रत वहिनींना द्यायची होती.