फुली आणि अंगठा

वंशावळ म्हटली की आपल्याला राजघराणी आठवतात. अमेरिकेत ॲपलाशियन डोंगरांतल्या शेतकऱ्यांची, खाणकामगारांची पणतवंडेही आपले पणजोबा-पणजी शोधतात. त्यांच्या हाती काय लागते?

१८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी गेले. केंटकी राज्यात जन्ममृत्यूची राज्यभर नोंद १९११ पासूनची. तेव्हा सारी भिस्त १९०० च्या जनगणनेवर. तीत प्रत्येक आईला विचारले होते, मुले किती झाली, हयात किती? समजा, उत्तर आले नऊ आणि पाच. गेलेल्या चौघांच्या नावांना रकाना नव्हता. लिहिता-वाचता येते का, याला मात्र होता!

दुसरा कागद खताचा. जमिनीखालचा कोळसा खरेदीदारांनी कवडीमोलाने, कुठे कुठे एकरी अर्ध्या डॉलरला, लिहून घेतला. निरक्षर मालकाने सहीच्या जागी फुली मारली. पुढे त्याच खतांच्या जोरावर कोळसा कंपन्यांनी वरची जमीनही उकरली. केंटकीच्या मतदारांनी याला आळा घातला तो १९८८ मध्ये. या फुलीला कुणी अडाणीपणाचा पुरावा म्हणेल. मी म्हणणार नाही. गरिबाचे नाव कागदावर चढते ते बहुधा दुसऱ्याला त्याच्याकडून काही हवे असते म्हणून.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पणजोबांचा एकच कागद ट्रंकेत आहे, सावकाराचा. त्यावर अंगठा. पणजीचा तर तेवढाही नाही. गेल्या दिवाळीत आजीला प्रथमच विचारले, तुझ्या सासूला मुले किती झाली? तिने सात नावे भराभर सांगितली. आठवे आठवत ती बराच वेळ चुलीपुढे बसून होती.