दारावरचा डोळा

दार न उघडता बाहेर कोण आहे ते दिसावे, म्हणून न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने १९६६ साली पतीसह कॅमेरा व पडदा असलेल्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्या वस्तीत पोलीस वेळेवर पोचत नसत.

आज व्हिडिओ डोअरफोन घेताना आपण चित्र किती स्वच्छ, एवढेच पाहतो. वीज गेल्यावर तो चालेल काय, आजीला वापरता येईल काय, हेही विचारावे. त्याहून मोठा प्रश्न असा, की चित्र साठते कुठे? घरातल्या कार्डावर, की परक्या कंपनीच्या संगणकावर? दूधवाल्याला, मोलकरणीला आपण कधी विचारले आहे काय?

चित्र घरातच ठेवणारे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. "कोण आहे?" विचारण्याचा हक्क आपला, आलेल्याचा चेहरा राखण्याची जबाबदारीही आपलीच.