गोवरानंतरची वर्षे आणि आपले दायित्व

गोवर उतरला, अंगावरील पुरळ मावळले, मूल हिंडूफिरू लागले, की घरातील मंडळी तो विषय संपला असे समजतात. बहुसंख्य बालकांच्या बाबतीत तो खरोखरच संपलेला असतो. परंतु फार थोड्या बालकांत गोवराचा विषाणू शरीरातून निघून न जाता मेंदूत दडून राहतो आणि साधारणतः सहा ते दहा वर्षांनी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, डोके वर काढतो. ‘सबअ‍ॅक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस’ अशा लांबलचक नावाच्या व व्यवहारात ‘एसएसपीई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीची चर्चा आपल्या वैद्यवर्तुळात क्वचितच होते. ती आताच व्हावी असे मला वाटते, याला कारण आहे.

सन २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडी व परिसरात गोवराची मोठी साथ उसळली. भिवंडी व मालेगाव येथेही ती पसरली, बालके दगावली. नऊ महिन्यांखालील बालकांत रुग्णांचे प्रमाण जेथे अधिक होते, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही लसीची एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्र शासनाला करावी लागली. याचा अर्थ साथीत तान्ही मुले सापडत होती; आणि एसएसपीईचा सर्वाधिक धोका दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांनाच असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांखाली गोवर झालेल्या सुमारे १,३६७ बालकांमागे एकास, तर वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे ६०९ बालकांमागे एकास हा व्याधी जडल्याचे आढळले. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तथापि २०२२ च्या साथीतील तान्ह्या मुलांचा धोक्याचा काळ अद्याप पुढे आहे, एवढे निश्चित.

जेसल पार्कच्या खाडीकाठी बसणाऱ्या आम्हा वैद्यांना गोवंडी दूर वाटेल. परंतु मीरा-भाईंदरची मोठी वस्ती मुंबईतून सरकत आलेल्या कुटुंबांची आहे. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलत बदलत ही मंडळी येथे पोहोचतात आणि त्या स्थलांतरात सर्वप्रथम हरवते ते मुलाचे लसीकरणाचे कार्ड.

असा रुग्ण प्रथम मेंदूतज्ज्ञाकडे जात नाही. तो आपल्याकडे येतो, किंवा त्याहूनही आधी त्याची आई औषधांच्या दुकानात येते. कारण आरंभीचे लक्षण असते अभ्यासातील घसरण. पाढे विसरणे, अक्षर बिघडणे, चिडचिड, वर्गात लक्ष नसणे. शाळेतून तक्रार येते आणि घरचे ‘बुद्धीचे औषध’ मागू लागतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट यांपैकी काहीतरी दिले जाते आणि मौल्यवान महिने निघून जातात. ही द्रव्ये निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती वापरतो. माझे म्हणणे इतकेच की, आधी चांगले शिकणारे मूल काही आठवड्यांत मागे पडू लागले, तर मेध्य द्रव्य देण्यापूर्वी तीन-चार प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. हातातला पेला अकस्मात सुटतो काय? मान एकाएकी खाली झुकते काय? चालता चालता मूल कोसळते काय? दिसण्याची तक्रार आहे काय? आणि लहानपणी, विशेषतः दोन वर्षांच्या आत, गोवर येऊन गेला होता काय? हे झटके ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येतात आणि पुष्कळदा त्या वेळी शुद्ध हरपत नाही, म्हणून घरचे त्यांना ‘धसमुसळेपणा’ म्हणून सोडून देतात. मेंदूच्या आलेखात दर काही सेकंदांनी उमटणारे विशिष्ट तरंग आणि पाठीच्या कण्यातील पाण्यात गोवरविरोधी प्रतिपिंडांचे वाढलेले प्रमाण यांवरून निदान होते. परळची के. ई. एम. व वाडिया ही रुग्णालये आपल्याला लोकलने तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहेत. शंका आली की चिठ्ठी लिहून त्याच आठवड्यात पाठवावे.

निदानानंतर काय, हा खरा कठीण भाग. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन यांनी काही रुग्णांत व्याधीचा वेग मंदावतो, व्याधी समूळ जात नाही. बहुतेक बालके एक ते तीन वर्षांत दगावतात. अशा वेळी आपल्या व्यवसायात दोन प्रवृत्ती दिसतात. एक, ‘आमच्याकडे रसायन आहे’ असे छातीठोक सांगणारी. सुमारे शंभरात पाच रुग्णांत हा व्याधी आपोआप काही काळ स्थिरावतो, हे या मंडळींनी लक्षात घेतलेले नसते. त्या पाचांतील एखादा आपल्या औषधकाळात स्थिरावला की त्याची जाहिरात होते. मेंदूचे विकार, अपस्मार व पक्षाघात यांवरील औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे येथे सांगितलेले बरे. दुसरी प्रवृत्ती असाध्य म्हणून हात झटकणारी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यतेचा विचार केला आहे, त्याचा आधार ही मंडळी घेतात. परंतु असाध्यता स्पष्ट सांगून मग उपचार करणे, हीही आपलीच परंपरा आहे. आईबापांना सत्य सांगावे, मूळ उपचार तज्ज्ञांकडे चालू ठेवावा आणि उपद्रवांच्या परिचर्येत आपण उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उपद्रवांत करण्याजोगे पुष्कळ आहे. स्नायू ताठरू लागले की बला तैलाचा सौम्य अभ्यंग आणि सांध्यांची हळुवार हालचाल उपयोगी पडते. स्वेदन मात्र अगदी मृदू, कारण मूल चटका बसल्याचे सांगू शकत नाही. मलावष्टंभाने झटके व ताठरपणा वाढतो, म्हणून कोष्ठाकडे रोज लक्ष हवे. अल्प मात्रेतील मात्राबस्ती येथे कामी येतो. कूस दर दोन तासांनी बदलल्याशिवाय शय्याव्रणावर कोणताही लेप चालत नाही.

सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती गिळण्याची. मस्तिष्काचा विकार म्हटला की आपला हात नस्याकडे जातो. ज्या बालकाचे गिळणे बिघडले आहे त्याला नस्य देऊ नये. तेल फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. घृतही बळेच पाजू नये. पातळ पेज व पाणी यांनी ठसका लागतो, त्यामानाने दाटसर खिमट सुखाने उतरते. मूल ताठ बसवून, लहान चमच्याने, घाई न करता भरवावे, आणि तरीही ठसका लागत असेल तर नाकातून नळी घालण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना आपण विरोध करू नये. घरचे आपले मत विचारतात, आणि आपल्या एका शब्दाने ती नळी महिनाभर लांबते.

आकडी रोखणारी औषधे आपण बंद करू नयेत व कमीही करू नयेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले आहे की, शंखपुष्पीच्या एका आयुर्वेदीय कल्पाबरोबर फेनिटॉइन घेतल्यास रक्तातील त्याची पातळी घटते. आटोक्यात असलेले झटके त्यामुळे पुन्हा सुरू झालेले होते. उलट पिप्पलीतील पायपरिनने फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांची पातळी वाढते. म्हणजे साधा खोकल्याचा त्रिकटुयुक्त कल्पही येथे निरुपद्रवी नाही. औषधविक्रेते बंधूंना विनंती, की आकडीच्या गोळ्या नेणाऱ्या घरी शंखपुष्पी व रसकल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असतेच. ती ग्राहकाला वाचून दाखवावी.

राहिला प्रतिबंध. एसएसपीईच्या रुग्णांच्या मेंदूत आजवर सापडला आहे तो नैसर्गिक गोवराचाच विषाणू. लसीतील विषाणू सापडलेला नाही. आपल्यातील काहीजण लसीविषयी कुजबुजत्या स्वरात शंका घेतात. त्यांनी ही वस्तुस्थिती पाहावी. आपल्यापैकी अनेकांकडे पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी मुलांची रांग लागते. सुवर्णप्राशन हा लसीला पर्याय नव्हे, हे त्या दिवशी प्रत्येक आईला सांगावे आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा: नऊ ते बारा महिने व सोळा ते चोवीस महिने या वयातील गोवर-रुबेला लसीच्या दोन्ही मात्रांच्या तारखा. ज्यांचे कार्ड हरवले आहे त्यांना महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्राचा लसीकरणाचा वार लिहून द्यावा, आणि पुढच्या पुष्य नक्षत्राला त्या तारखा पुन्हा विचाराव्यात.