आधी मार्ग, मग पास, मग जागा

व्यापारी घरात कोणतीही खरेदी दोन प्रश्न विचारून होते : माल किती लागणार आणि तो कोणत्या भावाने पडणार. परदेश प्रवासाच्या बाबतीत मात्र हीच घरे हा क्रम विसरताना दिसतात. सुट्टीचा बेत ठरू लागतो, कोणीतरी 'एक रेल्वे पास घेतला की सारा युरोप फिरता येतो' असे सांगते, आणि मार्ग कागदावर उतरण्यापूर्वीच पासाचे पैसे भरले जातात. पुढे पॅरिसच्या स्थानकावर उभे राहिल्यावर कळते की हातात पास आहे, पण गाडीत जागा नाही. सोबत साठी-पासष्टीचे आईवडील, दोन मुले आणि चार बॅगा असतील, तर ही गोष्ट केवळ पैशाची राहत नाही.

या विषयातला मूळ भेद मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मासिक पास प्रवासाचा हक्क देतो, बसायच्या जागेची हमी देत नाही. युरोपातील युरेल पासाचेही तसेच आहे. फरक एवढाच की लोकलमध्ये जागा नसली तरी उभ्याने जाता येते. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई किंवा लंडन-पॅरिस धावणारी युरोस्टार या गाड्यांत आरक्षणाशिवाय चढताच येत नाही. पासधारकालाही प्रत्येक वेळी आरक्षणाचे शुल्क वेगळे भरावे लागते. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठीच्या जागांचा कोटा मर्यादित असतो. तो संपला, तर गाडीत जागा रिकाम्या असूनही पासाच्या दराने त्या मिळत नाहीत.

याउलट स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांतल्या बहुतेक अंतर्गत गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. स्थानकावर यावे, गाडीत चढावे, रिकाम्या जागेवर बसावे. जर्मनीत गर्दीच्या दिवशी ऐच्छिक आरक्षण घेणे शहाणपणाचे असते, कारण जागा राखून ठेवलेला प्रवासी आला की उठावे लागते. मात्र ज्याचे आरक्षण आहे त्यानेही वेळेत जागेवर पोहोचावे लागते. गाडी सुटल्यावर 15 मिनिटांत तो आला नाही, तर त्याचा हक्क संपतो. म्हणजे एकच पास झ्युरिकमध्ये राजमार्ग ठरतो आणि पॅरिसमध्ये निम्मे काम करतो. पास चांगला की वाईट हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. तो कोणत्या मार्गासाठी, हे आधी सांगितले पाहिजे.

पासांचे प्रकार समजून घेणे कठीण नाही. युरोपात न राहणाऱ्यांसाठी युरेल आणि तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल, हा पहिला भेद. लंडनला नोकरी करणाऱ्या मुलाला इंटररेल लागेल, तर भारतातून गेलेल्या आईवडिलांना युरेल. युरेल ग्लोबल पास 33 देशांत चालतो. त्यात एक प्रकार सलग दिवसांचा, तर दुसरा निवडक दिवसांचा, उदाहरणार्थ एका महिन्यात कोणतेही 4, 5 किंवा 7 दिवस. निवडक प्रकारात प्रवासाचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात आणि त्या दिवसात कितीही गाड्या बदलता येतात. रात्रीच्या थेट गाडीसाठी सुटण्याचा एकच दिवस धरला जातो. मध्यरात्रीनंतर गाडी बदलली, तर मात्र दुसरा दिवस खर्ची पडतो. 60 वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि 27 वर्षांपर्यंतच्या तरुणांना सवलत आहे. 4 ते 11 वर्षांची मुले प्रौढासोबत मोफत जातात, एका प्रौढामागे दोन. पण मोफत मुलाचाही पास काढावा लागतो आणि आरक्षित गाडीत त्याच्या जागेचे शुल्क चुकत नाही.

दुसरा महत्त्वाचा पास स्विस ट्रॅव्हल पास. तो एका देशापुरता असला तरी त्याची व्याप्ती मोठी आहे. रेल्वेबरोबर बस, सरोवरांतील बोटी, अनेक शहरांतील ट्राम आणि 500 हून अधिक संग्रहालये त्यात येतात. 1871 मध्ये सुरू झालेली फिट्झनाउ ते रिगी ही दातेरी रुळांची डोंगरी रेल्वेही त्यात आहे. युंगफ्राउयोखचे 3,454 मीटर उंचीवरील स्थानक मात्र पासात पूर्ण येत नाही; वरच्या टप्प्यासाठी सवलतीचे वेगळे तिकीट घ्यावे लागते. आईवडिलांपैकी एकाकडे हा पास असेल, तर 6 ते 15 वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर मोफत प्रवास मिळतो. इथे एक बारीक अट आहे. सोबत आई किंवा वडील असणे आवश्यक. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन एकटे निघाले, तर ती सवलत लागू होत नाही.

आता हिशेब. समजा, आजी-आजोबा, मुलगा-सून, 13 वर्षांची नात आणि 10 वर्षांचा नातू असे सहा जण पॅरिसमध्ये उतरणार, तिथून झ्युरिकमार्गे ल्युसर्न व इंटरलाकेनला राहणार, पुढे मिलान आणि व्हेनिस पाहून परतणार. या प्रवासात लांब पल्ल्याचे टप्पे तीनच आहेत : पॅरिस-झ्युरिक, झ्युरिक-मिलान आणि मिलान-व्हेनिस. पहिला टप्पा टीजीव्हीचा. दुसऱ्यात 2016 मध्ये खुला झालेला 57 किलोमीटरचा गोथार्ड बोगदा लागतो. तिसरा इटलीच्या वेगवान गाडीचा. तिन्हींत आरक्षण सक्तीचे आहे. माणशी सरासरी 20 युरो धरले, तरी सहा जणांचे तीन टप्प्यांचे आरक्षणच 360 युरो होते, आणि ते पासाच्या किमतीखेरीज. मोफत पासावरचा नातूही या 360 मध्ये आहे.

अशा कुटुंबाने तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात सर्व टप्प्यांची सुटी तिकिटे, आगाऊ दराने. दुसऱ्यात युरेल पास अधिक सर्व आरक्षणे अधिक जे पासात येत नाही ते. तिसऱ्यात मिश्र मार्ग : लांब टप्प्यांची सुटी तिकिटे आणि मधल्या दिवसांसाठी स्विस पास. टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांची तिकिटे विमानासारखी असतात. विक्री खुली होताच स्वस्त, प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी महाग. त्यामुळे तारखा पक्क्या असतील, तर बहुधा तिसरा रकाना हलका निघतो. तारखा पक्क्या नसतील, देश अनेक असतील आणि त्यांत जर्मनी-ऑस्ट्रियासारखे देश जास्त असतील, तर दुसरा. निकाल दर वेळी वेगळा येईल, रीत मात्र हीच.

दिवस मोजतानाही थोडी दक्षता हवी. स्विस पासाचा सलग प्रकार 3, 4, 6, 8 आणि 15 दिवसांचा मिळतो, पाचाचा नाही. वरील कुटुंब पाच दिवस राहणार असेल, तर ज्या दिवशी गाव सोडायचे नाही तो पहिला किंवा शेवटचा दिवस पासाबाहेर ठेवून चार दिवसांचा पास पुरतो का, हे पाहावे. सहाव्या दिवसाचे पैसे भरले म्हणून त्या दिवशी उगाच भटकणे हा हिशेब नव्हे.

'एवढे पैसे भरले, मग वसूल करायला नको का' ही पासाने लावलेली सवय जपानच्या उदाहरणातून नीट दिसते. 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत तिथला सात दिवसांचा साधा रेल्वे पास 29,650 येनचा होता. त्या महिन्यात तो 50,000 येन झाला. टोकियो-क्योटो या शिंकान्सेन प्रवासाचे एका दिशेचे तिकीट साधारण 14,000 येन. जुन्या दरात केवळ एका परतीच्या प्रवासात पास जवळजवळ वसूल होत असे. नव्या दरात त्याच प्रवासासाठी पास घेणारा सुमारे 22,000 येन जास्त मोजतो, किंवा ते भरून काढण्यासाठी हिरोशिमापर्यंत धाव घेतो. जुन्या प्रवाशाचा सल्ला ऐकून आजही डोळे मिटून पास घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. तिथे सामानाचाही नियम आहे : लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल, तर टोकियो-क्योटो मार्गावर ती ठेवण्याच्या जागेसह आसन आधी राखावे लागते. त्याला वेगळे शुल्क नाही, पण न राखता आल्यास दंड आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. आपण कोणत्या दिशेला किती अंतर जाणार, याची मर्यादा स्वतःच आखून घ्यायची. त्यामागचा विचार अनावश्यक धावपळ आणि तिच्याबरोबर येणारी हिंसा व आसक्ती टाळण्याचा आहे. सहल हे व्रत नव्हे. परंतु दहा दिवसांत सहा देश पाहण्याचा हट्ट सोडून दोन-तीन ठिकाणी मुक्काम करणाऱ्या कुटुंबाला हा विचार व्यवहारातही उपयोगी पडतो. टप्पे कमी झाले की आरक्षणे कमी, सामान चढवणे-उतरवणे कमी, आणि वडीलधाऱ्यांचे गुडघेही वाचतात.

जागा निवडताना वयाचा विचार आधी करावा. पॅरिस-झ्युरिक मार्गावरील टीजीव्ही दुमजली आहेत. दृश्य वरून चांगले दिसते, पण बॅग घेऊन अरुंद जिना चढावा लागतो. आजी-आजोबांसाठी खालचा मजला मागून घ्यावा. सहाही जणांचे आरक्षण एकाच व्यवहारात केले, तर जागा जवळजवळ मिळण्याची शक्यता वाढते. तिकिटावर डब्याचा क्रमांक असतो, तो फलाटावर आधीच पाहून ठेवावा. गाडी थांबते थोडा वेळ आणि दारे सुटण्याच्या आधी बंद होतात. स्थानकाचे पूर्ण नाव तपासावे. झ्युरिकची गाडी पॅरिसच्या गार द लिआँ स्थानकातून सुटते आणि लंडनची गार द्यू नॉरमधून.

ज्या घरात चौविहार पाळला जातो, त्यांनी वेळापत्रक पाहताना सूर्यास्ताचा रकानाही जोडावा. मे अखेरीस झ्युरिकला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा अडचण येत नाही. डिसेंबरात तो साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी दोनला सुटणारी लांबची गाडी भोजनाची वेळ ओलांडून पोहोचेल. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवावा; त्या दिवशी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्यास्त घड्याळात तासभर अलीकडे येतो. गाडीतील उपाहारगृहात कंदमूळविरहित पदार्थ मिळेल, हे गृहीत धरू नये. स्वतःचे खाणे गाडीत खाण्यास हरकत नसते. मात्र भारतातून दुधाची मिठाई, तूप, पनीर यांसारखे दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. डबा भरतानाच हे ध्यानात असावे.

निसर्गदर्शनाच्या गाड्यांचेही दोन मार्ग आहेत. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या ग्लेशियर एक्सप्रेसमध्ये पास असला तरी आरक्षण सक्तीचे आहे, आणि प्रवास सुमारे आठ तासांचा. बर्निना एक्सप्रेसचेही आरक्षण लागते. पण त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्या धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि हवे तिथे उतरता येते. 2008 पासून जागतिक वारशात असलेला तोच मार्ग, तीच हिमशिखरे.

शेवटी पैशाचा आणि कागदांचा क्रम. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिने ते पंधरा दिवस या काळात करता येतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारी तिकिटे घेणे म्हणजे माल येण्याआधी पावती देणे. स्वस्त तिकिटांचा मोह असेल, तर अर्जच लवकर करावा. पास परत करण्याच्या अटी आणि आरक्षण रद्द करण्याच्या अटी वेगवेगळ्या असतात, दोन्ही वाचाव्यात. कार्डाने पैसे भरताना परकीय चलनावरील आकार बँकेकडे आधी विचारावा, आणि यंत्राने रुपयांत भरण्याचा पर्याय दिला तरी युरो किंवा फ्रँकच निवडावे. रुपयांत रूपांतर करताना लावलेला दर बहुधा ग्राहकाला महाग पडतो.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात कुटुंबातील एकाने सर्व टप्प्यांची एक यादी करून प्रत्येकाच्या हाती द्यावी : तारीख, स्थानक, गाडी, डबा, जागा आणि ती गाडी चुकली तर पुढची कोणती. पास फोनमध्ये असला तरी ही यादी कागदावर असावी. स्थानकावरच्या गर्दीत आजोबांचा हात सुटला, तर त्यांना पुढे कोठे जायचे, हे त्यांच्या खिशातल्या त्या कागदावरून कळेल.