नको म्हणणाऱ्याचा धर्म काढू नका

मी सोलापूरचा. ज्या गावाची ओळखच शेंगाचटणी, त्या गावात मी शेंगदाण्याच्या ॲलर्जीसह वाढलो. दोन वर्षांचा असताना अम्मीनं चटणी लावलेला भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि काही मिनिटांत माझे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. तेव्हापासून आमच्या घरात शेंगदाणा आला नाही. पण माणूस फक्त स्वतःच्या घरात वाढत नाही.

चौथीत होतो. संक्रांतीला वर्गात तिळगुळाचे लाडू वाटले, त्यात दाण्याचं कूट होतं. मी ‘नको’ म्हणालो. मागच्या बाकावरून आवाज आला, “त्यांच्यात आपलं चालत नाही.” बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढे केलेला हात आखडला. मला ते सहन झालं नाही. मी लाडू मागून घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. रिक्षा, शिपाईमामांची मांडी, दवाखान्यात मांडीत टोचलेली सुई. नऊ वर्षांच्या पोरानं आपण परके नाही हे सिद्ध करायला जीव पणाला लावला होता.

आता हे वाचून ‘बघा, ते आपल्याशी कसे वागतात’ असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. पुढे कॉलेजात असताना एका नातेवाइकांकडे ग्यारवीची नियाज होती. बिर्याणीसोबत बघारे बैंगन. त्या रश्श्यात शेंगदाणे वाटून घालतात. पातेल्यातला तोच डाव बिर्याणीतही फिरत होता, म्हणून मी ताटाला हात लावला नाही. लगेच शेजारून प्रश्न आला, “नियाज चालत नाही वाटतं आता? कुठल्या जमातीत जायला लागलास?” फुफी जरा प्रेमानं म्हणाली, “बिस्मिल्ला करके खा बेटा, कुछ नहीं होता.” दोन्ही ठिकाणी मी एकच शब्द बोललो होतो. दोन्ही ठिकाणी त्यातून माझा धर्म काढला गेला. माझ्या शरीराला स्वतःचं कारण असू शकतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आपल्याकडे नकाराला धर्माचाच दाखला लागतो. मी स्वतः तो वापरलाय. सहकाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी पुढे केली की अनेकदा ‘रोजा आहे’ असं खोटं बोललो. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. रोजा म्हटलं, उपवास म्हटलं की लोक आदरानं ताट मागे घेतात. आजार म्हटलं की ‘एवढ्याशानं काय होतंय?’ खोटं बोललो याची लाज वाटते. पण खरं बोलून जे ऐकावं लागलं, त्याची लाज इतरांनाही वाटायला हवी.

एवढ्याशानं काय होतं, ते सांगतो. शरीराची संरक्षणयंत्रणा शेंगदाण्यातल्या प्रथिनाला शत्रू समजते. मग कणभरही पुरतो. रक्तदाब कोसळू शकतो, घसा आवळला जाऊ शकतो. भाजल्यानं ते प्रथिन मरत नाही. घाण्याच्या तेलातही ते उरू शकतं. ‘थोडं थोडं खाऊन सवय कर’ हा सल्ला तर जीवघेणा आहे. तसे उपचार असतात, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅममध्ये मोजून, दावतीत डावानं वाढून नव्हे. आणि ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ म्हणणाऱ्यांसाठी: या झटक्याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव १९०२ साली मिळालं, त्यावरच्या कामासाठी शार्ल रिशे यांना १९१३ साली नोबेल मिळालं. तुमच्या वेळीही होतं, ओळखत कुणी नव्हतं.

काही मुसलमान श्रद्धेमुळे प्रसाद घेत नाहीत, काही नियाज खात नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, त्यांनाही कुणी छळू नये. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक ‘नको’ तिथूनच येतं असं धरून चालू नका.

२०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर शेंगदाण्यासारख्या घटकांची सूचना छापणं बंधनकारक आहे. पण लग्नाच्या पंगतीला, इफ्तारच्या दस्तरखानाला, महाप्रसादाच्या पातेल्याला लेबल नसतं. तिथलं लेबल म्हणजे यजमानाची जबान. म्हणून वाढणाऱ्यानं पदार्थात काय आहे ते आपणहून सांगावं आणि डाव वेगळे ठेवावेत. शाळांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांना ॲलर्जीबद्दल विचारावं. झटका आलाच तर पहिलं औषध ॲड्रेनॅलिन, तेही मांडीच्या स्नायूत. खाज थांबवणारी गोळी देऊन वाट बघत बसू नये, मूल तडक दवाखान्यात न्यावं.

आता माझी मुलगी शाळेत जाते. तिला ॲलर्जी नाही, तिळगूळ आवडीनं खाते. तरी मी तिला एक गोष्ट शिकवलीय: वर्गात कुणी ‘नको’ म्हणालं, तर तो कोण आहे हे ठरवायच्या आधी त्याला पाणी हवंय का, ते विचार.