सोडलेल्या हक्काची किंमत

अमेरिकेत जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवून तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क एखाद्या संरक्षक न्यासाच्या स्वाधीन कायमचा केला, तर मालकास आयकरात सवलत मिळते. १९८० साली तेथे ही तरतूद कायम झाली. पुढे जमीन कोणीही विकत घेतली, तरी बंधन सुटत नाही. योजना स्तुत्यच, परंतु सोडलेल्या हक्काचे मोल ठरविणार कोण? मालकानेच नेमलेला मूल्यमापक! मग गुंतवणूकदारांच्या कंपूंनी जमिनी घेतल्या आणि घातलेल्या भांडवलाच्या कितीतरी पट वजावटी उपटल्या, यात नवल ते काय? २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने अशा कंपूंना अडीच पटींची मर्यादा घातली; तीही उशिराच. पिढीजात रान राखणाऱ्या शेतकऱ्याची सवलत मात्र यापायी जाता कामा नये. मूल्यमापकाची नेमणूक तेवढी मालकाच्या हातून काढून घ्यावी.